मास्तरांच्या हातातलं पुस्तक

"ताई, ते बायबल नाहीये."

मी हे हळूच म्हणाले, कारण अंगणात सगळी मंडळी जमली होती आणि दोन बाकांवर पेटी ठेवलेली होती. पेटीत माझे सासरे होते. पांढरा सदरा, पांढरं धोतर, कानांत कापूस. माझी नणंद एस्तेरताई वाकून त्यांच्या छातीवर एक काळं पुस्तक ठेवत होती आणि त्यावर त्यांचे हात आणून पांढऱ्या फितीनं बांधत होती.

"ताई, ऐका ना. ते बायबल नाही."

"मालन, मला काळं पुस्तक कळत नाही का?" ताईंनी पदरानं नाक पुसलं. "जन्मापासून बघतेय मी हे बाबांच्या उशाशी. तू काय, कालची आलीस."

कालची! बाबांची दृष्टी गेल्यापासून त्यांचं ताट, त्यांची काठी, त्यांच्या डोळ्यांतलं औषध, सगळं मी बघत होते. ताई नाशकाहून नाताळला यायच्या, केक खायच्या आणि जायच्या. पण बाप मेलेल्या बाईशी भांडायचं तरी कसं? मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, त्यामुळे पुढचे काही तास माझे कसे गेले ते माझं मला माहीत.

आमच्याकडे माणूस मातीला जाताना त्याचं बायबल त्याच्या हातात देतात. सगळेच देतात असं नाही. पण बाबांसारख्या माणसाला द्यायचंच. राहुरीजवळच्या आमच्या मिशन कंपाउंडात ते शाळामास्तर होते. गावात कुणीही त्यांना नावानं हाक मारली नाही, मास्तर म्हणजे तेच. घरचं खरं बायबल मी शिवलेल्या पिशवीत स्वयंपाकघरातल्या खुंटीला होतं, कारण सकाळची उपासना आम्ही चुलीपाशीच करायचो. आणि बाबांना खोड अशी की त्यांच्याकडची झाडून सगळी पुस्तकं त्यांनी नगरच्या एका बाइंडरकडून एकाच तऱ्हेनं बांधून घेतली होती. काळं रेक्झिन, कडा लाल, पाठीवर नाव नाही. आमच्या लोकांना काळं पुस्तक आणि लाल कडा दिसल्या की संपलं. उघडून बघायची गरजच वाटत नाही कुणाला.

ताईंनी उशाशी होतं ते उचललं. उशाशी होतं ते आमचं दुपारचं पुस्तक.

आता ह्या दुपारच्या पुस्तकाचं सांगते. बाबांना काचबिंदू झाला आणि वाचन सुटलं. सकाळी बायबलचा अध्याय मी वाचून दाखवायचे, तेवढं माझं कर्तव्य. एक दिवस जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "मालन, दुपारी जरा वाचून दाखवशील?"

"सकाळी वाचलं की बाबा, अख्खा अध्याय."

"ते नव्हे. ट्रंकेतलं."

"मला वेळ नाही. दळण पडलंय, गोधडीला टाके घालायचेत."

"मग आधी टाके घाल. मी थांबतो. मला कुठं जायचंय?"

आणि खरंच बसून राहिले की हो, भिंतीला टेकून. तासाभरानं मीच चिडून सुई टोचून ठेवली आणि म्हणाले, "आणा इकडं काय ते." त्यांनी चाचपडत ट्रंक उघडली, एक एक पुस्तक हातात घेऊन त्याची जाडी बोटांनी मोजली, आणि हे काढून दिलं. नाव 'कोरड्या विहिरीपाशी'. लिहिणारीचं नाव नाही. नुसतं 'एक सेविका'. छापखाना कधीच बंद पडलेला, त्यामुळे दुसरी प्रत कुठं असेल तर देव जाणे.

मी पहिलं पान वाचायला घेतलं ते भाजी निवडल्यासारखं, भराभर. ही बाई जुन्या काळातली बायबलबाई. गावोगाव फिरून बायकांना शास्त्र सांगायची, प्रार्थना शिकवायची. प्लेगात तिचं एकुलतं एक मूल गेलं. आणि मग तिनं लिहिलं होतं: 'लोक येत आणि म्हणत, देवाची इच्छा. मी त्यांस चहा दिला, दारापर्यंत पोहोचविले, आणि दार लावून भांडी आपटली.'

मी वाचता वाचता थांबले. मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं.

कारण आदल्या वर्षी माझी मुलगी पोटातच गेली होती. पूर्ण दिवस भरलेली. दवाखान्यातून मला आणलं तोवर तिला पुरूनही आले होते, मला कुणी दाखवलीसुद्धा नाही. आणि मग सगळं कंपाउंड माझ्याकडे येऊन देवाची इच्छा सांगून गेलं. मी भांडीसुद्धा आपटली नाहीत. माझी प्रार्थना तेवढी बंद झाली. म्हणजे डोळे मिटायचे, मान खाली घालायची, सगळं करायचे. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत माझी पाळी आली की जेवणाआधीची चार वाक्यं घडाघडा म्हणायचे. आत काही नाही. सेवा करायचे, चर्चला जायचे, महिला मंडळात चादरी शिवायचे, आणि आत सगळा खडखडाट. हे मी कुणालाही बोलले नव्हते. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. शाळामास्तरांच्या घरची सून प्रार्थना करू शकत नाही, हे कुणाला सांगायचं?

आणि ही कोण कुठली मेलेली बाई, पानापानावर तेच सांगत होती. दुसऱ्यांना प्रार्थना शिकवत गावं हिंडायची आणि स्वतःच्या घरी तोंड उघडायची नाही. दोन पावसाळे! मला वाटलं, बाई गं, तू माझी सख्खी बहीण. मग मी दळण विसरायला लागले, गोधडी विसरायला लागले. दुपार झाली की मीच म्हणायचे, "बाबा, बसा लवकर." मात्र त्यांचा नियम होता, चोरून पुढचं वाचायचं नाही. "आमटी उकळायच्या आधी उतरवतेस का? मग हे कशाला?" आणि मी तो पाळला. का पाळला कुणास ठाऊक. मला वाटतं, मला भीती होती. ती बाई शेवटी तशीच मेली असेल तर?

शेवटच्या दुपारी आम्ही इथपर्यंत आलो: 'असे दोन पावसाळे गेले. मग एके दिवशी माझ्या दारात–' आणि बाबांना दम लागला. म्हणाले, "बास. उद्या." मी एसटीचं तिकीट खुणेला घातलं आणि पुस्तक उशाशी ठेवलं. पहाटे चहा घेऊन गेले तर ते गेलेले.

आणि आता ते 'उद्या' फितीनं बांधून पेटीत ठेवलेलं होतं.

मी आमच्या ह्यांना गाठलं. सुमंत म्हणजे आमचे हे, स्वभावानं इतके गरीब की कोंबडीला हाकलतानाही 'जरा बाजूला हो' म्हणतील. मोरीपाशी ओढून नेलं आणि सांगितलं.

"अगं, असू दे," हे म्हणाले. "बाबांचंच पुस्तक आहे ना? देवाचंच आहे ना? माती होऊ दे, मग बघू."

"मातीनंतर काय बघणार, डोंबल!"

"मालन, हळू. दादा ऐकतील."

खरी अडचण तीच होती. दादा. शमुवेलदादा, माझे थोरले दीर. पुण्याला कारखान्यात नोकरी आणि रविवारी प्रवचनं. काही वर्षांपूर्वी ते एका नव्या प्रार्थनागटात गेले होते आणि तेव्हापासून त्यांना बाबांची ट्रंक डोळ्यांसमोर नको होती. म्हणायचे, शास्त्र पुरेसं आहे, बाकी सगळी माणसांची बडबड. ह्यावर बाबांनी एकदा त्यांना विचारलं होतं, "शमू, गेल्या रविवारी तुझं दोन तासांचं प्रवचन ऐकलं मी. ते कुणाची बडबड होतं रे?" आम्ही सगळे हसलो. दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी सकाळी पुण्याहून आल्या आल्या, बापाचं तोंड बघून रडून झाल्यावर, त्यांची नजर ट्रंकेवर गेली आणि ते म्हणाले होते, "एकदा माती झाली की हे सगळं रद्दीत. घर साफ करून टाकू."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसले तर पुस्तक जमिनीत जाणार. बोलले तर ते दादांच्या हातात पडणार आणि रद्दीत जाणार. आणि 'एके दिवशी माझ्या दारात' कोण आलं ते मला ह्या जन्मी कळणार नाही. तुम्ही म्हणाल, एका गोष्टीच्या पुस्तकासाठी एवढं काय? मला गोष्ट नको होती. ती बाई त्या विहिरीतून वर आली की नाही, एवढंच मला पाहिजे होतं. ती आली असेल तर मीही येईन, असं माझ्या मनानं धरलं होतं.

शेवटचं दर्शन सुरू झालं. रांग पेटीभोवतीनं सरकत होती. माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं, आपलं आपणच काढून घ्यायचं. वाकले, बाबांच्या कपाळावर ओठ टेकले, आणि दुसऱ्या हातानं हळूच पुस्तकाची कड ओढली. हात गार आणि घट्ट. ताईंनी गाठ अशी मारली होती की बैलही सुटला नसता. मी जरा जोरात ओढलं आणि पेटी बाकावर कुरकुरली.

"मालन! काय करतेस?" दादांचा आवाज.

"काही नाही, मी–"

मागून दोघीतिघींनी माझे दंड धरले. "सोड गं बाई, जाऊ दे त्यांना. लेकीसारखी माया होती हो." आणि मला उचलून बाजूला नेलं. एक जण पाणी पाजायला लागली, एक जण कांदा हुंगायला द्यायला लागली. मी दुःखानं वेडी झाले असं सगळ्यांना वाटलं. मला बाबांचं दुःख होतंच हो, माझा बापच होता तो. पण त्या क्षणी मला संताप आला होता. त्या गाठीचा, त्या कांद्याचा, सगळ्याचा.

चर्चमध्ये तर आणखी कहर. मी पहिल्या बाकावर, पेटी हाताच्या अंतरावर. एका जागी बूड टिकेना. गीत झालं, दुसरं गीत झालं. पाळकसाहेब, रेव्हरंड कसबे, पुलपिटावर चढले. भला माणूस, पण रंगात आला की थांबायचा नाही. पेटीकडे हात करून म्हणाले, "बघा, मंडळी! मास्तर आयुष्यभर ज्या एका ग्रंथावर जगले, तोच ग्रंथ छातीशी धरून आज प्रभूकडे निघालेत! त्यांच्या हातात दुसरं पुस्तक कधी शोभलं असतं का?"

मागून 'आमेन' झालं. दादा तर मोठ्यांदा म्हणाले. मी कपाळाला हात लावला. आधीच सांगायची चोरी, त्यात आता पाळकसाहेबांनाही खोटं पाडायचं!

"पाय हलवू नकोस," हे कानाशी म्हणाले. "बाक हलतोय."

"हलू दे," मी म्हणाले.

कबरस्थान कंपाउंडाच्या मागं, ओढ्याच्या काठाला. उन्हं कलली होती. पेटी खड्ड्याशेजारी आडव्या फळ्यांवर ठेवली. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला. सुतारानं झाकण उचललं, पेटीवर बसवलं, खिशातून स्क्रू काढले. पहिला स्क्रू त्यानं बोटांनी फिरवून बसवला आणि पेचकस लावला.

आणि माझ्या तोंडून आलं ते विचार करून आलं नाही.

"थांबा! त्यांच्या हातात बायबल नाहीये!"

ओढ्यापलीकडची कुत्रीसुद्धा गप्प झाली असतील. सुतार पेचकस हातात धरून तसाच. पाळकसाहेबांचं तोंड उघडं. ताई पहिल्यांदा भानावर आल्या. "अगं काय बोलतेस तू? वेड लागलं का हिला?"

"नाही लागलं. सकाळपासून सांगतेय मी. ते दुसरं पुस्तक आहे. उघडून बघा."

दादा पुढं झाले. चेहरा लालबुंद. सुताराला खूण केली, झाकण बाजूला झालं. त्यांनी फीत सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, शेवटी सुताराच्या पटाशीनं कापली. बाबांचे हात अलगद बाजूला करून पुस्तक काढलं. पहिलं पान उघडलं. आणि मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते मीच तिथं ठेवलंय.

"'कोरड्या विहिरीपाशी'," ते म्हणाले. "हे? माझ्या बापाच्या छातीवर हे?"

दादांच्या काखेत त्यांचं स्वतःचं बायबल होतं. पुण्यात रोज वाचायचे ते, पानोपानी लाल निळ्या रेघा, समासात बारीक अक्षरात लिहिलेलं. कितीतरी वर्षांचं. त्यांनी ते काखेतून काढलं, एकदा कपाळाला लावलं आणि बाबांच्या हाताखाली सरकवलं. मनाचा मोठेपणा होता तो, मी नाही म्हणणार नाही. माझ्या मनातही क्षणभर आलं, अरे, ह्या माणसाचंही काहीतरी आज जमिनीत चाललंय.

पण लगेच ते मंडळीकडे वळले. प्रवचनकार माणूस, शंभर माणसं समोर उभी दिसली की राहवणार कसं?

"बघा, बंधुभगिनींनो! अशी चूक होते! काळं दिसलं की शास्त्र समजायचं! आणि आत काय असतं? माणसांची बडबड! ऐका, ऐकाच आत काय आहे!" आणि त्यांनी पुस्तक उघडलं. माझं एसटीचं तिकीट होतं तिथंच ते उघडलं.

हे माझा हात घट्ट धरून उभे.

दादांनी आपल्या मोठ्या, खणखणीत आवाजात वाचलं. "'असे दोन पावसाळे गेले. मग एके दिवशी माझ्या दारात हौसा आली. जिला मीच प्रार्थना शिकविली, ती हौसा. म्हणाली, बाई, उसने पीठ आहे का? मी म्हणाले, पीठ आहे. पण हौसा, माझ्यापाशी दुसरे काही उरले नाही. ती म्हणाली, काय उरले नाही? मी म्हणाले, प्रार्थना.'"

दादांनी मान वर केली. "बघा! बायबलबाई, आणि प्रार्थना नाही म्हणे! असली पुस्तकं–"

"वाच की रे पुढं," सगुणाकाकू म्हणाल्या.

सगुणाकाकू म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. दादांचा जन्म त्यांच्या हातावर झालेला. काठीवर हनुवटी ठेवून उभ्या होत्या.

"काकू, हे काय वाचायचं–"

"सुरू तूच केलंस. आता अर्ध्यावर सोडू नकोस. हौसा काय म्हणाली?"

मंडळीत कुणीतरी खुदकन हसलं. दादांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी खाली पाहिलं. दादांनी परत पानाकडे डोळे वळवले, आणि ह्या वेळी आवाज तेवढा मोठा नव्हता.

"'हौसा उंबऱ्यावर बसली. म्हणाली, मग पिठाच्या बदली माझी प्रार्थना घ्या. आणि मी शिकविलेल्या रीतीने, पण आपल्या शब्दांत, तिने माझ्या वतीने प्रार्थना म्हटली. मी तिच्या मागून म्हणत गेले. माझे मन त्यात नव्हते. शब्द माझे नव्हते. परंतु उसन्या पिठाची भाकर आपल्या चुलीवर भाजली, म्हणजे आपलीच होते. पोट तिला विचारीत नाही, की तू कोणाच्या दळणाची. म्हणून हे वाचणाऱ्या माझ्या बहिणी, तुझ्या घरचे पीठ संपले असेल, तर लाजू नकोस. मी हे पुस्तक त्यासाठीच...'"

दादा थांबले. घसा साफ केला. परत वाचायला गेले तर आवाज फुटेना. डोळे पानावरच होते, आणि ओठ हलत होते, पण ऐकू काही येईना. त्यांचं काय झालं ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढं कधीतरी दादांच्या बायकोनं, वहिनींनी सांगितलं, की प्रवचनं चालू होती पण घरात हा माणूस कितीतरी दिवस देवापुढं नुसता बसून असायचा, तोंडातून शब्द नाही. मला काय माहीत! मला वाटायचं, अख्ख्या खानदानात मी एकटीच.

पाळकसाहेबांना वाटलं, आता आवरतं घ्यावं. "शमुवेलराव, कुटुंबाच्या वतीनं आपण शेवटची प्रार्थना करा, म्हणजे झाकण लावू."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दादांची प्रार्थना म्हणजे लोक पाय बदलत उभे राहायच्या तयारीनंच राहायचे. पण दादांनी नुसती मान हलवली. नाही. एकदा, दोनदा. ताईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी पाळकसाहेबांकडे.

"दादा," मी म्हणाले, "ते पुस्तक द्या."

त्यांनी दिलं. मुकाट्यानं, उघडलेलं तसंच, पान न मिटता. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात हौसाची प्रार्थना छापलेली होती, बारीक अक्षरात. मी मोठ्यानं वाचायला लागले. बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचायची सवय लागली होती मला.

"'हे प्रभू, मला तुझा राग आला आहे. तो मी दुसऱ्या कोणास सांगू? म्हणून तुझ्याच दारी आले आहे. मी पुष्कळ दिवस आले नाही. तू दार लाविले नसशील असे समजून आले. मला माझे लेकरू परत दे असे मी म्हणत नाही. ते तुझ्यापाशी आहे हे मला ठाऊक आहे. परंतु ते लहान आहे, त्याला अंधाराचे भय वाटते. त्याला जवळ घे. आणि त्याला हाक मारशील, तर नावाने मार. त्याचे नाव...'"

पुढं छापलं होतं 'विठू'. त्या बाईच्या मुलाचं नाव. माझ्या डोळ्यांसमोर ते स्पष्ट होतं, दोन अक्षरं.

मी ते वाचलं नाही.

"तिचं नाव रिबेका," मी म्हणाले.

पोटात असतानाच ठेवलं होतं मी. मुलगीच होणार असं मला वाटायचं, आणि एकटी असले की त्या नावानं तिच्याशी बोलायचे. माझ्याशिवाय कुणालाही ते नाव माहीत नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मी ढसाढसा रडले, सगळ्या मंडळीदेखत, लाजलज्जा सोडून. आणि मग छापलेलं सोडून मी माझंच बोलायला लागले. बाबा येतायत तुझ्याकडे, त्यांना दिसत नाही, त्यांचा हात धर. रिबेकाला त्यांच्याकडे दे. तिला ते दुपारी वाचून दाखवतील. असं काहीबाही. कसली ती प्रार्थना! ना धड सुरुवात, ना शेवट. पण ती माझी होती.

सगुणाकाकू म्हणाल्या, "आमेन." मग सगळी मंडळी म्हणाली. दादांचा आवाजही त्यात होता.

आमचे हे मात्र म्हणाले नाहीत. माझा हात सोडून ते माझ्याकडे तोंड करून उभे होते, आणि ते नाव त्यांनी ओठांवर एकदा म्हणून बघितलं, नवीन शब्द शिकल्यासारखं. मग परत म्हटलं, जरा मोठ्यानं. आणि सगळ्यांचं झाल्यावर, मागून, एकट्यानं, "आमेन."